नारळ फुटल्यानंतर

(पालघर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा आवरता घेतलेला मजकूर)



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा विषय विचारला गेला. मी म्हटले, नळयोजनांचे म्हातारपण. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग संयोजक अदबीने म्हणाले, "सर, त्यापेक्षा पाणीटंचाई घेतली असती तर..." त्यांचे काही चुकले नाही. टंचाईत मोर्चा आहे, हंडे आहेत, टँकर आहे, सभागृह भरते. गंजलेल्या नटबोल्टावर टाळी कोण देणार? पण माझी उभी नोकरी नटबोल्टांत गेली, आणि ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते हिशेबाच्या वहीबाबत फार कडक होते असे ऐकतो. तेव्हा आज मी वहीबद्दलच बोलणार आहे, टंचाईबद्दल नाही.

पालघर जिल्ह्यात पाणी कमी आहे असे मी म्हणणारच नाही. पाऊस धो धो, वैतरणा आहे, पिंजाळ आहे, सूर्या आहे. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले, ते २०१४ साली पुरे झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला जिल्हा झाला. आणि त्याच मोखाड्यात एप्रिल-मे आला की टँकर धावतात. हे सगळे तुम्ही इतक्यांदा ऐकले आहे की मी पुढे जातो.

सूर्येकडे मात्र नीट पाहा. धामणीचे धरण आणि खाली कवडासचा उन्नेयी बंधारा हे काम मुळात आखले गेले ते डहाणू-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातील शेतीसाठी. कवडासहून कालवे निघतात. पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत सूर्येवर आली. पालघर शहर आणि भोवतालची २६ गावे यांची प्रादेशिक योजना मासवणहून पाणी उचलते. वसई-विरारचे पाणी मासवणहूनच उचलून धुकटणला शुद्ध होते. आणि आता एमएमआरडीएची नवी योजना, दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. कवडासहून पाणी घ्यायचे, सूर्यानगरला शुद्ध करायचे, मेंढवण खिंडीत बोगदा, तुंगारेश्वरच्या डोंगरात आणखी एक, मग काशीद-कोपरच्या आणि चेण्याच्या संतुलन टाक्या. काम अवाढव्य आहे, अभियंता म्हणून पाहताना छाती फुगते. शेतीचे पाणी शहरांकडे वळले म्हणून इथल्या माणसांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, आणि त्यांचा प्रश्न खराच आहे. पण तो वाटपाचा प्रश्न झाला. माझा प्रश्न वेगळा आहे. या एका नदीवर लोखंडाचा, सिमेंटचा आणि पंपांचा एवढा पसारा उभा राहिला. त्यात काय काय आहे, कुठे आहे, किती जुने आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ते बदलायला पैसा कोण, केव्हा बाजूला काढणार आहे? एका वहीत हे सगळे कुठेच लिहिलेले नाही.

योजना मंजूर होते, निधी येतो, नारळ फुटतो. मग वाहिनी फुटते. या दोन फुटण्यांच्या मधल्या वीस-तीस वर्षांना आपल्याकडे लेखाशीर्ष नाही.

जुने ते वाईट आणि नवे ते चांगले, असा हिशेब इथे लागत नाही. तानसा धरण १८९२चे आहे आणि आजही मुंबई त्याचे पाणी पिते. उलट मार्च २०२५ मध्ये आपल्याच डहाणू तालुक्यात जलजीवन योजनेच्या नव्या टाकीचा भाग कोसळून दोन शाळकरी मुली गेल्या. वय हा एकटा आकडा काही सांगत नाही. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९च्या नियमपुस्तिकेत धरणासाठी ५० वर्षे, मुख्य वाहिन्यांसाठी ३०, पंपांसाठी १५, शुद्धीकरण केंद्रासाठी १५ असे कालावधी दिले आहेत. पुष्कळ कार्यालयांत हेच आकडे आयुष्य म्हणून वापरतात. ते आयुष्य नव्हे. किती वर्षांनंतरची लोकसंख्या धरून योजनेचा आकार ठरवायचा, त्यासाठीचे ते आकडे आहेत. चांगल्या मातीत, चांगल्या हाताने टाकलेली बिडाची वाहिनी साठ-सत्तर वर्षे निमूटपणे पाणी वाहते, आणि सातपाटी-केळव्याकडच्या खाऱ्या दमट जमिनीत वेष्टन खरवडलेला साधा पोलादी पाइप दहा वर्षांत चाळणी होतो. म्हणून वहीत वयाच्या शेजारी आणखी रकाने लागतात.

आज अशा नोंदी कुठे असतात, हे जवळून दाखवतो. व्हॉल्व्हमनच्या डोक्यात.

ज्यांच्याबरोबर मी काम केले अशा एका नगरपालिकेतल्या व्हॉल्व्हमनची गोष्ट. पहाटे साडेतीनला सायकलवर निघायचे, दांडीला टी-आकाराची लांब चावी बांधलेली. बाजारपेठेतला व्हॉल्व्ह अकरा आटे उघडायचा, बाराव्याला स्पिंडल अडकते म्हणून तिथेच थांबायचे. मारुतीच्या देवळाजवळचा उलट्या आट्याचा: सगळे उजवीकडे बंद होतात, हा डावीकडे. पोलीस लाइनीतला पूर्ण बंद होतच नाही, गेट झिजले आहे. म्हणून त्या भागात दुरुस्ती काढली की आधी वरच्या चौकातला बंद करायचा, नाहीतर खड्ड्यात पाणी भरत राहते. रात्री रहदारी थांबली की लोखंडी सळईचे एक टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरे कानाच्या हाडाला लावून ते ऐकत बसायचे. गळती असली तर सूं असा बारीक, सलग आवाज येतो. घरात कोणी नळ सोडला असेल तर आवाज येतो आणि थांबतो. हा फरक त्यांना कोणी शिकवला नव्हता.

ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सत्कार. पुढच्या पावसाळ्याआधी रस्त्याचे डांबरीकरण झाले, तीन-चार चेंबर डांबराखाली गेले. मग एक दिवस वाहिनी फुटली आणि व्हॉल्व्ह सापडेना. जेसीबी लावून रस्ता उकरला, त्यात शेजारची सेवावाहिनी तोडली. शेवटी कनिष्ठ अभियंत्याने मोटारसायकल पाठवून त्यांना गावाहून बोलावून आणले. त्यांनी देवळाच्या कोपऱ्यापासून पावले मोजली आणि टाच टेकवून म्हणाले, इथे खणा. तिथेच होता.

ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे आणि लोक दर वेळी कौतुकाने हसतात. मला त्यात कौतुकाचे काही दिसत नाही. लाखभर माणसांचे पाणी एका निवृत्त माणसाच्या पावलांवर अवलंबून असेल, तर ती नगरपालिकेची नामुष्की आहे.

कागद मुळीच नसतात असेही नाही. योजना बांधताना मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, भरलेली असते. तिच्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघत नाही. झालेल्या कामाचे नकाशेही करारानुसार द्यावे लागतात. पण बिल निघाले की एमबीचे काम संपते, ती रेकॉर्डरूमच्या फडताळात जाते, आणि नकाशा म्हणून पुष्कळदा मूळ आराखड्याचीच प्रत नवा शिक्का मारून दिली जाते. वाटेत खडक लागला म्हणून वाहिनी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवली, हे त्यात नसते. २००८च्या सुमारास महाराष्ट्रात सुजल निर्मल अभियान आले तेव्हा शहरांनी जललेखापरीक्षण, ऊर्जालेखापरीक्षण, ग्राहक सर्वेक्षण, जीआयएस नकाशे हे सगळे करायचे होते. पुष्कळांनी केलेही. सल्लागार आले, सीडी दिली, गेले. नकाशा तयार झाला त्या दिवशी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी एक नवे कनेक्शन दिले गेले आणि ते नकाशावर चढवायचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते. वही एकदा करून भागत नाही, तिला रोजचा कारकून लागतो. सगळ्या सल्लागारांचे घोडे इथेच अडते.

दुसरी एक वही लेखा विभागात असते. नगरपालिका लेखा संहिता आल्यापासून स्थावर-जंगम मालमत्तेची नोंद, घसारा, सगळे कायद्याने लिहावे लागते. ती वही सांगते की अमुक वाहिनीची मूळ किंमत इतकी, आजवरचा घसारा इतका, शिल्लक किंमत एक रुपया. ती एक रुपयाची वाहिनी अर्ध्या शहराला पाणी देत असते. आणि ती फुटायला आली आहे की आणखी वीस वर्षे चालेल, हे लेखापालाला माहीत असायचे कारण नाही. अभियंत्याला थोडेफार माहीत असते, पण त्याला लेखापालाची वही कधी दाखवली जात नाही. एकाच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर, या दोन वह्या वर्षानुवर्षे एकमेकींना न भेटता राहतात.

मग चांगल्या वहीत काय असावे? वाहिनी कुठून कुठे, व्यास, कशाची, कोणत्या वर्षी टाकली, सांधा शिशाचा की रबराचा, किती खोल, माती कशी. आणि शेवटचा रकाना: केव्हा केव्हा फुटली, आणि फुटली तेव्हा काय दिसले. तरुण अभियंत्यांना मी हा शेवटचा रकाना पाठ करायला लावतो. पाइपला गोलाकार, बांगडीसारखी चीर गेली असेल तर खालची जमीन खचली आहे किंवा वरून जड वाहने जात आहेत. लांबीला उभी चीर असेल तर दाब जास्त झाला. सुईच्या टोकाएवढी भोके असतील तर गंज, आणि मग त्या भागातला सगळाच पाइप त्याच वाटेवर आहे असे समजा. सांधा निखळला असेल तर वळणावर ठोकळा नीट घातलेला नव्हता. चार वेगळे रोग, चार वेगळी औषधे. आपण चौघांनाही एकच औषध देतो: क्लॅम्प मारायचा, माती लोटायची, पाणी सोडायचे. काय दिसले ते लिहायला दोन मिनिटे लागतात. पण दुरुस्ती पहाटे दोनला चिखलात संपते, तेव्हा कोणाला लिहायचे त्राण असते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, लिहिणारा माणूस वेगळा हवा.

उभ्या चिरीचे कारण आपल्याकडे बहुतेकदा वीज असते. पंपहाउसची वीज झटकन गेली की वाहिनीत चढत असलेला पाण्याचा स्तंभ थबकतो आणि उलटा येतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतो. त्या आघाताने वाहिनीतला दाब नेहमीच्या कितीतरी पट होऊ शकतो. एकदा असे झाले तर बहुधा काही होत नाही. पावसाळ्यात पालघरकडे वीज किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक वेळी पाइप थोडा थोडा म्हातारा होतो. हवेचे व्हॉल्व्ह जाम झाले असतील तर आणखी लवकर. साधा एअर व्हॉल्व्ह, वर्षातून एकदा उघडून आतला चेंडू साफ करायचा असतो. माझ्या पाहण्यातल्या कित्येक योजनांत तो बसवल्या दिवसापासून उघडलेलाच नव्हता.

दिवसाआड किंवा तासभर पाणी देण्यानेही हेच होते. वाहिनी रोज भरते, रोज रिकामी होते. रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि सांध्यांतून बाहेरचे पाणी ओढले जाते, मग ते गटाराचे का असेना. केंद्राने २००८ साली सेवेचे मापदंड ठरवले: माणशी १३५ लिटर, २४ तास पुरवठा, आणि हिशेबात न येणारे पाणी २० टक्क्यांच्या आत. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, तेव्हा राज्यभरातून शिष्टमंडळे पाहायला गेली. आल्यावर सगळे मीटरबद्दल बोलत. पण मीटर लावायला कनेक्शने आधी मोजावी लागतात. मलकापूरला काय जमिनीत पुरले आहे ते माहीत होते. ते कोणी शिष्टमंडळाच्या अहवालात लिहिले नाही.

आता पालघरची खास अडचण. इथे जमीन गेली काही वर्षे कोणी ना कोणी खणते आहे. मालवाहतुकीचा समर्पित रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, विरार-डहाणू चौपदरीकरण, आणि आता वाढवण बंदर: ३० ऑगस्ट २०२४ रोजी इथेच पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींचा प्रकल्प. प्रत्येक प्रकल्पाला पाणी हवे, आणि प्रत्येकाच्या खोदकामात कोणाची तरी जलवाहिनी येते. रेल्वे किंवा रस्तेवाले विचारतात, तुमची लाइन कुठे आहे, दाखवा. आम्ही आमच्या खर्चाने हलवून देतो. त्या क्षणी ज्याच्याकडे नकाशा आहे त्याला जुन्या वाहिनीच्या जागी नवी, बहुधा फुकट मिळते. ज्याच्याकडे नाही त्याची वाहिनी पोकलेनच्या दातांनी सापडते. वहीचा याहून रोकडा फायदा मला दुसरा दाखवता येणार नाही.

शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. छोटे, पण वारंवार. घरांच्या भिंतींची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. जमिनीखालच्या कडक सांध्यांची मात्र कोणी विचारपूस केली नाही. शिशाने ओतलेला किंवा सिमेंटने भरलेला सांधा हलत नाही, तडकतो; रबरी कडीचा सांधा थोडे सहन करतो. कोणत्या गावात कोणता सांधा आहे हे लिहिलेले असते, तर कुठे आधी बघायचे हे एका दुपारी ठरले असते.

आणि केळवे रोडजवळचे झांजरोळीचे धरण. २०२२च्या जानेवारीत त्याला गळती लागली, खालच्या गावांची झोप उडाली, धरणातले पाणी सोडावे लागले. भीती वाजवी होती, कारण २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूणजवळ तिवऱ्याचे धरण फुटून झोपेतली माणसे वाहून गेली होती, आणि तिथल्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. झांजरोळीला माणसे वाचली. माहीम-केळव्याकडच्या गावांचे पाणी मात्र त्या वर्षी अडचणीत आले. छोटी धरणे आपल्याकडे अशीच राहतात. मोठ्या धरणावर पाटबंधारे खात्याचे डोळे असतात. लहान धरण म्हणजे परक्याचे पोर.

मालक कोण, हा प्रश्न बोईसरला सर्वात जास्त गुंतागुंतीचा आहे. आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक शेजारी, १९६९ पासून चालणारे तारापूरचे अणुवीज केंद्र पलीकडे, आणि गाव अजून ग्रामपंचायत. एमआयडीसीचे पाणी गावांना मिळते. गावाच्या वेशीपर्यंतची वाहिनी एकाची, वेशीनंतरची दुसऱ्याची, टाकी तिसऱ्या योजनेतली, चाळीतल्या नळांची गुंतवळ कोणाचीच नाही. थकबाकीवरून वाद होतात, ते मी समजू शकतो. पण गळती वेशीवर असली तर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पाणी तिसरीकडे, रस्त्यावर. पालघर आणि २६ गावांसारख्या सगळ्याच प्रादेशिक योजनांना हे दुखणे आहे. एक गाव पाणीपट्टी भरत नाही म्हणून त्याचे पाणी तोडायचे, तर पुढच्या गावाचेही तुटते. मग कोणीच भरत नाही, आणि दुरुस्तीला पैसा नाही म्हणून पाणी येत नाही, आणि पाणी येत नाही म्हणून कोणी भरत नाही.

आत येणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जाणाऱ्याचेही बोलले पाहिजे. तारापूरच्या सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि त्यात येणारे सांडपाणी त्याहून जास्त होते. नवापूरच्या समुद्रात ते सोडले जाई. मासे गेले, तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने मोठी भरपाई आकारली. या प्रकरणात प्रदूषण हा शब्द सगळ्यांनी वापरला, आणि तो बरोबरच आहे. माझ्या नजरेला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते: यंत्राची ताकद आणि त्यावर पडणारा भार हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून, ते ओलांडले की काम थांबवण्याचा अधिकार कोणाला तरी असायला हवा होता. कोळीवाड्याला त्यासाठी लवादाची पायरी चढावी लागली.

पैशाचे बोलतो. आकडे समजण्यापुरते काल्पनिक धरा. ७५ किलोवॉट वीज खाणारा पंप दिवसाला वीस तास चालतो. वर्षाला सुमारे साडेपाच लाख युनिट. आठ रुपये धरले तर ४४ लाखांच्या आसपास. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्क्यांवरून ६५ वर आली, तर तेवढेच पाणी चढवायला वर्षाला जवळजवळ पावणेसात लाख जास्त जातात. पंपाचा इम्पेलर आणि वेअर रिंग बदलायला त्यातला लहानसा भाग पुरतो. पण वीजबिल भरायला प्रश्न येत नाही, ते अत्यावश्यक. दुरुस्तीला निविदा, तीन दरपत्रके, लेखा आक्षेप. म्हणून पंप बिघडत नाही तोवर कोणी हात लावत नाही, आणि जो बिघडलेला नाही तो दरमहा खिसा कापत राहतो.

वाहिनीचे असेच. तीस कोटींची वाहिनी तीस वर्षांची धरली तर वर्षाला एक कोटी बाजूला पडायला हवेत. दहा हजार कनेक्शने असतील तर घरटी वर्षाला हजार रुपये. आणि दरवर्षी ही रक्कम महागाईप्रमाणे वाढवायला हवी, कारण सहा टक्क्यांनी वाढत गेले तर आजचे तीस कोटी तिसाव्या वर्षी पावणेदोनशे कोटींच्या घरात असतात. हे ऐकून सर्वसाधारण सभेत गोंधळ होतो, पाणीपट्टी वाढ हा शब्द ऐकूनच. मी त्यांना दोष देत नाही. ज्या घरात दिवसाआड पाऊण तास पाणी येते त्या घराला तीस वर्षांनंतरच्या वाहिनीसाठी पैसे मागायला तोंड हवे. आदिवासी पाड्यावर तर हा हिशेब मांडायचाच नाही. जलजीवनमध्ये त्यांच्याकडून पाच टक्के लोकवर्गणी आधीच अपेक्षित आहे. म्हणजे शहराने भरायचे आणि ज्या सरकारने योजना दिली त्याने पाड्यासाठी भरायचे. यात मधला मार्ग मला दिसत नाही.

अशी तरतूद कायद्यानेही करून घेता येते. न्यूझीलंडमध्ये १९९६च्या कायद्याने स्थानिक संस्थांना दीर्घ मुदतीचे आर्थिक आराखडे करायला आणि घसाऱ्याची तरतूद करायला लावले. जगभर या विषयावर बोलताना त्यांचे उदाहरण देतात. पण त्याच देशात, हॅवलॉक नॉर्थ नावाच्या चौदा हजार वस्तीच्या गावात, ऑगस्ट २०१६ मध्ये बोअरच्या पाण्यात जंतू शिरले आणि साडेपाच हजार माणसे आजारी पडली. चौकशीत दिसले की बोअरच्या डोक्याची देखभाल नीट नव्हती. आराखडे होते, कायदा होता. बोअरचे झाकण उघडून बघणारा माणूस नव्हता. वहीवर माझा कितीही विश्वास असला तरी हे उदाहरण मी मुद्दाम सोबत ठेवतो.

मग पालघरने काय करावे? माझे मागणे लहान आहे. मोठे सॉफ्टवेअर घेऊ नका. सूर्येच्या काठाने जे जे पाणी नेतात, म्हणजे नगरपरिषद, जिल्हा परिषद, एमआयडीसी, वसई-विरार, एमएमआरडीए, त्यांनी एका नकाशावर आपापली वाहिनी आखावी आणि खोदकामाची परवानगी देणाऱ्याने तो आधी पाहावा. नगरपरिषदेने एक कारकून फक्त वहीसाठी ठेवावा. तो पाणीपट्टीच्या वसुलीला पळवायचा नाही, निवडणुकीच्या कामालाही नाही. ग्रामपंचायतींच्या हाती पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान आले, त्यातले साठ टक्के बंधित होते आणि त्यातला अर्धा भाग पिण्याच्या पाण्यासाठीच. नव्या आयोगाचे पैसे येतील तेव्हा त्यातली पहिली लहान रक्कम व्हॉल्व्हचे चेंबर शोधून, वर उचलून, झाकणावर नंबर घालण्यासाठी खर्च करा. आयटीआयची आणि तंत्रनिकेतनाची मुले मोबाइलवर जागा नोंदवू शकतात. पावसाळा सोडला की कोरडे महिने मिळतात.

कुठल्या भागापासून सुरुवात करायची, असे मला नेहमी विचारतात. सर्वात जुन्या वाहिनीपासून? सर्वात जास्त तक्रारींपासून? मी सांगतो, आस्थापना विभागात जाऊन व्हॉल्व्हमन, फिटर आणि पंपचालकांची यादी काढा आणि निवृत्तीच्या तारखेप्रमाणे लावा. जो आधी निवृत्त होणार त्याच्या भागापासून सुरू करा. त्याच्याबरोबर दोन मुले, एक रंगाचा डबा आणि कोरी वही द्या, आणि त्या दिवसांचा त्याला भत्ता द्या. या कामाला सभेचा ठराव लागत नाही.